माल चांगल्या स्थितीत मिळाला

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

अजरा म्हणाली, अम्मी, रोज थोडं लिहीत जा. पुण्याला नोकरीवर परत जाताना बसमधून फोन करून म्हणाली. काय लिहायचं ते सांगितलं नाही. कपाटात एक कोरी टाचण वही सापडली, तीच घेतली आहे. हिच्यात तारीख, विषय, घटक, उद्दिष्ट असे रकाने छापलेले आहेत आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या शेऱ्याची जागा. करमाडच्या शाळेत चौथीच्या वर्गासाठी अशा वीस तरी वह्या भरल्या असतील. रकान्यांवरूनच लिहिते आहे.

आज तेरा दिवस झाले. रडू येत नाही. बाया भेटायला येतात, माझ्याकडे बघून रडतात, मी त्यांना पाणी देते. इद्दत सुरू आहे, म्हणजे नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस उंबऱ्याच्या आत. रजेचा अर्ज याह्याभाईंनी शाळेत नेऊन दिला. याह्याभाई माझे धाकटे दीर, वरच्या मजल्यावर राहतात. हल्ली पडद्याचा रिवाज म्हणून जिन्यावरूनच बोलतात. मला त्यांचा फक्त खोकला ओळखू येतो.

दुपारी पार्सल आलं, अजराच्या अब्बांच्या नावाचं. ते घडीसाज. शहागंजात त्यांचं दुकान, एक माणूस बसेल आणि एक उभा राहील एवढं. जुन्या चावीच्या घड्याळांचे भाग मिळेनासे झाले तसे दोन वर्षांपासून ते मोबाइलवरच्या लिलावात बंद पडलेली घड्याळं घ्यायला लागले. कलकत्ता, राजकोट, कुठून कुठून. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवायचे आणि लिलाव संपता संपता बोली लावायचे, तोवर वरण गार. घरात मात्र घड्याळ एकच, तेही बॅटरीचं, कारण टिकटिक सुरू असली की मला झोप लागत नाही. यावरून दुकानात माझी थट्टा व्हायची.

ते गेले तेव्हा काही लिलाव चालूच होते. वरचा आकडा त्यांनी आधीच टाकून ठेवला होता, पैसेही अॅपमध्ये भरलेले होते. त्यामुळे ९ तारखेला, तिसऱ्या दिवसाची जियारत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांच्या फोनवर आलं: अभिनंदन कय्युमजी, आपण लिलाव जिंकलात. मी वाचलं आणि फोन चार्जिंगला लावला.

पार्सलवाला दारात येतो, मी पडद्याआड असते. पडद्याखालून त्याचे बूट दिसतात. काळे, कापडी, डाव्या बुटाला नायलॉनच्या दोऱ्यानं टाके घातलेले. पार्सल उंबऱ्यावर ठेवून तो दोन पावलं मागं सरतो. त्यानं नाव विचारलं, मी आतून सांगितलं, कय्युम. चोवीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. मग फोनवर आलेला ओटीपी सांगितला. जाताना तो म्हणाला की त्याचं नाव कडुबा, आणि भाई लई चांगला माणूस होता. मी हो म्हटलं.

आत गजराची तीन टेबल-घड्याळं होती. एकाची काच फुटलेली, एकाचा पाय वाकलेला.

२२ फेब्रुवारी, शनिवार

५ फेब्रुवारीला आलेलं पार्सल अजून दिवाणाखाली आहे. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ. खोका एका कोपऱ्यात दबलेला, पुढची काच फुटलेली, वरची नक्षी मोडून आत पडलेली. ६ तारखेला सकाळी मी म्हणाले, बंद पडलेलं घेता ते घेता, आता फुटलेलंही घ्यायला लागलात का? गोदामात जाऊन तक्रार करा, त्याशिवाय दुकान उघडू नका. वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. ते म्हणाले, “जारा ना, बाई.” मला चिडवायचं असलं की ते शाळेतल्या पोरांसारखं बाई म्हणायचे. हेल्मेट घातलं आणि गेले. कुरिअरचं गोदाम चिकलठाण्याला आहे. मुकुंदवाडीजवळ पाण्याच्या टँकरनं उडवलं.

मी पाठवलं म्हणून ते गेले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, अजरालाही नाही. इथं लिहिलं.

याह्याभाई सांगत होते की स्कूटरचं तोंड शहराकडे होतं. म्हणजे गोदामापर्यंत न जाताच ते मधूनच परत फिरले असणार, कारण खिशात तक्रारीची पावती नव्हती. बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला. साखरेमुळे त्यांची बिस्किटं मी दोन वर्षांपूर्वीच बंद केली होती.

तर ती तक्रार राहिली. ती आता मंजूर झाली पाहिजे. ज्या कामासाठी त्यांना घराबाहेर काढलं ते काम निदान खरं होतं, एवढं कुठंतरी लिहून आलं पाहिजे.

अॅपवर नुकसानीचा अर्ज आहे. वस्तूची आधीची स्थिती काय होती, असं विचारतात. विकणाऱ्यानं लिहिलेलं असतं, चालू नाही, भागांसाठी. मोडक्या वस्तूची मोडतोड झाली हे पटवायचं म्हणजे काम आहे. मी विकणाऱ्याचे फोटो आणि माझे फोटो शेजारी ठेवले, नव्या फुटीवर लाल गोल केले. गणिताचे पेपर तपासल्यासारखं वाटलं. मग प्रश्न आला, नुकसान कुठं झालं? विकणाऱ्याच्या बांधणीत, वाटेत, की घरपोच देताना. वर्गात खिडकी फुटली की मी विचारते, चेंडू शेवटी कुणाच्या हातात होता. तिसऱ्यावर खूण केली. लंबकाच्या घड्याळाला आणि गजराच्या घड्याळांना, दोन्हींना.

खाली ‘मी ही तक्रार करते’ असं लिहिलं होतं. ते खोडून ‘करतो’ केलं. नाव कय्युम.

३ मार्च, सोमवार

काल पहिला रोजा झाला. पहाटे सहरीला एकटीच उठले, खजूर खाल्ला, पाणी प्यायले. भूक लागली नाही, त्यामुळे रोजा कठीण गेला नाही, आणि त्याचं पुण्य किती ते अल्लाला माहीत.

आज ९ तारखेला जिंकलेलं पार्सल आलं. चिनी मातीच्या सहा तबकड्या. घड्याळाचे आकडे असतात त्या, पांढऱ्या, बशीसारख्या. आता उघडताना सलग व्हिडिओ काढावा लागतो, मध्ये तोडलेला चालत नाही. अजराचे अब्बा असताना एक जण खोका धरायचा, एक जण कापायचा. मी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि कात्री घेतली. सहातल्या दोन फुटलेल्या. व्हिडिओ परत बघितला तर त्यात माझे फक्त हात आहेत. बांगड्या नसलेले माझे हात मला ओळखू आले नाहीत, क्षणभर वाटलं दुसऱ्याच कुणाचे आहेत.

कडुबा आज लगेच गेला नाही. मागच्या खेपेची तक्रार टाकली का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हटलं, तर तो म्हणाला, व्हय का, बरं. आपल्या गिऱ्हाइकाच्या मालाची एवढी काळजी करणारा माणूस पहिल्यांदाच पाहिला. म्हणजे पाहिला नाही, बूट पाहिले.

७ मार्च

काही नाही. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं, भरून ठेवलं.

११ मार्च, मंगळवार

गजराच्या घड्याळांचा दावा मंजूर. ती परत न्यायला उद्या माणूस येईल. तबकड्यांचाही मंजूर. दोन्हीकडे एकच वाक्य आहे: आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, संबंधित व्यक्तीवर योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.

लंबकाच्या घड्याळाचा नामंजूर. कारण असं दिलंय की ५ फेब्रुवारीला सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी खरेदीदारानं स्वतः ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ अशी नोंद केली आणि पाच तारे दिले.

हे शक्य नाही. त्या वेळी ते इथंच, या दिवाणावर बसले होते आणि मी फुटलेली काच सुपलीत गोळा करत होते. हातात फोन होता हे खरं. पण अॅप आपोआपच असं काहीतरी लिहीत असणार. वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागितली. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

२० मार्च, गुरुवार

काचेच्या घुमटाचं घड्याळ आलं. कडुबानं खोका स्वतःच्या टॉवेलात गुंडाळून, दोरी बांधून आणला होता. गाडीच्या पुढ्यात मांडीवर धरून आणल्याचं म्हणाला. आज तो बाहेर थांबला आणि म्हणाला, उघडून बघा भाभी, मी हितंच हाय. मी व्हिडिओ लावून उघडलं. घुमटाला वरपासून खालपर्यंत तडा होता.

मी पडद्याआडून तसं सांगितलं.

“काच तर बसवता येती ना भाभी?” त्यानं विचारलं. “भाई तर असलंच घ्यायचे. म्हणायचे, मला मोडकंच लागतंय.”

मी त्याला नियम समजावून सांगितला. पालकसभेत सांगते तसा. महिन्याच्या आत अर्ज केला नाही तर दावा जातो, आणि तक्रार केल्याशिवाय कंपनीला आपली चूक कळत नाही. तो म्हणाला, ते बी खरंय. बूट वळले. टॉवेल इथंच राहिला. धुऊन, घडी घालून दाराशी ठेवला आहे, पुढच्या खेपेला देईन.

२ एप्रिल, बुधवार

परवा ईद झाली. शीरखुर्मा केला नाही. याह्याभाईंच्या बायकोनं वरून वाटी पाठवली, ती मी संध्याकाळी खाल्ली. गोड होता एवढं कळलं.

याह्याभाई जिन्यावरून म्हणाले की दर ईदेला एक पार्सलवाला दुकानात भाईजानला गळाभेट द्यायला यायचा, यंदा तोही दिसला नाही. दुकान आता त्यांच्याकडेच आहे. मग म्हणाले, “भाभी, छोडो ना ये पार्सलां का झंझट.” घुमटाचा दावा मंजूर होऊन घड्याळ परतही गेलं आहे. मी म्हटलं, सोडते, लंबकाचा तेवढा एक दावा मंजूर झाला की सोडते.

आज शेवटचं पार्सल आलं, पण माणूस नवा. चपला, अंगठ्याच्या. त्यानं खोका दारातूनच आत फेकला, नाव विचारलं नाही, ओटीपी मात्र दोनदा विचारला. कडुबा कुठं आहे विचारलं तर म्हणाला, त्याला बंद केलाय. रजेवर असेल. आमच्या शाळेतही शिपाई रजेवर गेला की बंद आहे म्हणतात.

उघडलं तर टेबलावरचं पितळी घड्याळ, इतकं फेकूनही साधा ओरखडा नाही. त्याचा काही अर्ज करावा लागला नाही. दुपार मोकळी गेली.

२४ एप्रिल, गुरुवार

याह्याभाईंनी महापालिकेतून दाखला आणला. जिन्यावरून दोरीला बांधून खाली सोडला, लॅमिनेशन केलेला. मी तो लिफाफ्यातून काढला नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवला आहे.

अजरा म्हणते, मोबाइल कंपनीला कळवू या, त्यांचा नंबर बंद करू या. मी म्हटलं, तक्रार सुरू आहे, ओटीपी त्याच नंबरवर येतो. ती म्हणाली, “अम्मी, तुम रोते क्यूं नै?” मी म्हटलं, बघू.

९ मे, शुक्रवार

आज कंपनीतून मुलीचा फोन आला. वरच्या अधिकाऱ्यानं लंबकाच्या घड्याळाची फाइल उघडली आहे. आवाज चांगला होता, शुद्ध बोलत होती. कय्युम साहेबांशी बोलायचंय, म्हणाली. मी म्हटलं, बाहेर गेलेत. तिनं विचारलं, कधी येतील? मी म्हटलं, सांगता येत नाही.

ती म्हणाली, काही हरकत नाही मॅडम, आले की एवढंच विचारायचंय, की पाच तारे त्यांनी दिले होते का. त्यांनी नाही म्हटलं की दावा मंजूर. ती सोमवारी पुन्हा फोन करणार आहे.

मी खोटं बोलले नाही. बाहेर गेलेत.

१२ मे, सोमवार

फोन आला. मी म्हटलं, विचारलं मी त्यांना. नाही म्हणाले.

दावा मंजूर झाला.

१३ मे

मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. कणीक मळली.

२६ मे, सोमवार

आज दारात बाईचा आवाज आला म्हणून पडदा बाजूला केला. करमाडकडची दिसली. नऊवारी, हातात पिशवी. कडुबाची घरवाली भागूबाई, असं तिनं सांगितलं. भेटायला यायचं राहिलं होतं, म्हणाली. मी तिला दिवाणावर बसवलं. पिशवीत शेतातल्या कैऱ्या होत्या. तिनं माझा हात हातात घेतला आणि बाकीच्या बायांसारखी रडली नाही, नुसती बसून राहिली. मला बरं वाटलं.

कडुबा रजेवर आहे का, मी विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, त्याला मार्चातच काढलंय. एका माणसाच्या नावावर चार तक्रारी, सगळ्या घरपोच देतानाच्या. तिसरीलाच त्याची गाडी काढून घेतली आणि चौथी मंजूर झाली तसा राहिलेला पगारही कापला. आता तो शेंद्र्याला हमाली करतो, पाठ धरली आहे. हे सगळं तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही, पीकपाणी सांगतात तसं सांगितलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, त्यानं इथं यायला बंदी केली होती, भाभीचं दुःख मोठं आहे, आपलं काय सांगायचं.

“पण एक कळंना भाभी,” ती म्हणाली. “चारी तक्रारी भाईच्या नावावरच्या हायत. भाई तर फेब्रुवारीत गेले. मग त्यांच्या नावानं ह्ये कोण करायलंय?”

मी म्हटलं, “मीच केल्या.”

तिनं हात सोडला नाही. सोडायला हवा होता. नळाखाली लावलेली बादली भरून वाहत होती, तीही तिनंच उठून बंद केली.

मग मी तिला सगळं सांगितलं. सहा तारखेची सकाळ, मी त्यांना तक्रार करायला पाठवलं ते, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते. ऐकता ऐकता तिनं मान हलवायला सुरुवात केली.

“नाय भाभी. त्या दिशी भाई तक्रार कराया नव्हते आले.”

ती सांगत गेली, मी ऐकत गेले. पाच तारखेला चिकलठाण्यात कडुबाची गाडी घसरली आणि लंबकाचं घड्याळ पडलं. त्यानं खोका देतानाच भाईंना तसं सांगून टाकलं. भाई म्हणाले, काच मी बसवतो, तू गुडघ्याला हळद लाव. आणि रात्रीच्या जेवणाआधीच फोनवर माल चांगला मिळाल्याची नोंद केली. दोन वर्षांत त्यांनी एकही तक्रार केली नव्हती, कितीही फुटलेलं येवो. पण दबलेल्या खोक्याचा फोटो गोदामातल्या साहेबानं पाहिला होता आणि सहा तारखेला कडुबाला उभं केलं होतं. भाई तिथं गेले, वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं की खोका माझ्याकडून घरात पडला, माल चांगल्या स्थितीत मिळाला होता, खाली सही केली. साहेबाचं तोंड बंद झालं. मग फाटकाबाहेर दोघांनी चहा घेतला. कडुबानं बिस्किटाचा पुडा फोडला. भाईंचं बिस्किट चहात पडलं आणि ते खूप हसले. म्हणाले, घरी सांगू नको, बाई मारतील. उरलेला पुडा खिशात घातला आणि शहराकडे निघाले.

म्हणजे ते पोचले होते. काम उरकून परत येत होते.

भागूबाईला मी टॉवेल दिला. तो तिनं कैऱ्यांच्या रिकाम्या पिशवीत घातला. जाताना म्हणाली की कडुबाला नोकरी मिळो न मिळो, पण तुमच्या डोक्यातलं ते काढून टाका, भाई खुशीनं आले होते आणि खुशीनं गेले.

२७ मे, मंगळवार

मला त्यांचा राग आला आहे. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, ते हे. जारा ना बाई म्हणाले, माझ्याकडे बघून हसले, आणि बरोबर उलटं करायला गेले. माझ्यासमोर काच फुटलेली आणि बोटानं पाच तारे. मी इथं सुपली घेऊन ओणवी. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी काय कडुबाला खाल्लं असतं?

खाल्लाच.

सगळा दिवस भांडी जोरात ठेवली. वरून याह्याभाईंच्या बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तुझ्या जेठांशी भांडते आहे.

३० मे, शुक्रवार

दावे मागे घ्यायचे आहेत. मंजूर झालेला दावा मागे घ्यायला अॅपवर जागाच नाही. त्या शुद्ध बोलणाऱ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, मॅडम, मंजूर दावा रद्द होत नाही. फक्त अर्जच बेकायदा असेल तर होतो. म्हणजे अर्ज करणाऱ्यानं तो केलाच नव्हता असं सिद्ध झालं तर. पण तुमच्या बाबतीत साहेबांनी स्वतःच केलाय ना?

मी म्हटलं, मी पुन्हा फोन करते.

४ जून, बुधवार

पाच दिवस तांदळाचा डबा हलवला नाही. काल तांदूळ संपले, तरी डब्याखाली हात घातला नाही, पोळी केली. कंपनीच्या कागदांवर ते अजून आहेत. तक्रार करतात, दाद मागतात, बाहेर जातात, विचारल्यावर नाही म्हणतात. दुसरीकडे कुठंच ते एवढे नाहीत. सगळं मीच केलं हे मला कळतं, मी वेडी नाही. तरी ते पुसायचं म्हणजे मला भीती वाटते.

शेंद्र्याला एक माणूस पाठीवर पोती वाहतो आहे, माझ्या लाल गोलांमुळे.

८ जून, रविवार

काल बकरी ईद होती. आज सकाळी दाखला काढला. नाव बरोबर आहे, वय बरोबर आहे. तारीख ६ फेब्रुवारी २०२५. मी तो डब्याला टेकवून ठेवला आणि समोर बसून पत्र लिहिलं. इथं उतरवून ठेवते.

‘महोदय, माझे पती कय्युम हे दिनांक ६ फेब्रुवारी रोजी वारले आहेत. त्यानंतर त्यांच्या नावाने आलेले चारही अर्ज मी, त्यांची पत्नी यास्मिन, हिने केले आहेत. ते अर्ज त्यांचे नाहीत. ते हयात असते तर त्यांनी एकही केला नसता. ५ फेब्रुवारीची पाच ताऱ्यांची नोंद त्यांचीच आहे. १२ मे रोजी मी तुम्हाला खोटे सांगितले. कृपया चारही दावे रद्द करावेत, परतावा परत घ्यावा आणि श्री. कडुबा यांच्या नावावरील नोंदी काढून टाकाव्यात. सोबत दाखला जोडला आहे.’

‘वारले आहेत’ लिहिलेलं पूर्ण वाक्य एकदा मोठ्यानं वाचून बघितलं. घरात कुणी नव्हतं. मग पाठवलं.

१२ जून, गुरुवार

उत्तर आलं. चारही दावे रद्द. संबंधित व्यक्तीच्या नोंदी काढल्या. परत गेलेला माल पुन्हा पाठवण्यात येईल. खातं सात दिवसांत कायमचं बंद होईल. शेवटी तेच वाक्य, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

खातं बंद होण्याआधी त्यांनी दिलेले जुने शेरे उघडले. दोन वर्षांतली एकेचाळीस पार्सलं. सगळ्यांना पाच तारे. मला आठवतं त्यातलं निम्मं तरी तुकड्यांत आलं होतं. प्रत्येकाखाली एखादी ओळ लिहिली आहे. ‘उत्तम माल.’ ‘वेळेवर मिळाले, आणणाऱ्याला धन्यवाद.’ ‘काच नव्हती, पण काच कुठेही मिळते.’ ५ फेब्रुवारीची ओळ अशी: ‘घड्याळ सुंदर. घरी थोडी गडबड झाली, उद्या निस्तरतो.’

सगळ्या एकेचाळीस ओळी या वहीत मागच्या पानांवर उतरवल्या. अक्षर चांगलं काढलं.

१६ जून, सोमवार

शनिवारी इद्दत पुरी झाली. आज शाळा उघडली. सकाळच्या बसनं करमाडला गेले. मुकुंदवाडी आली तेव्हा खिडकीतून बघितलं. भाजीच्या गाड्या होत्या, एक बाई दोडके निवडत होती. चिकलठाण्याला एक मोठं फाटक दिसलं, बाहेर चहाची टपरी. हीच असेल किंवा दुसरी असेल. चौथीच्या वर्गात नवी मुलं आहेत, माझ्याबद्दल त्यांना काहीच माहीत नाही.

१९ जून, गुरुवार

शाळेतून येऊन पाय धुतले, तेवढ्यात दारात आवाज आला, पार्सल हाय. मी पडदा बाजूला केला.

कडुबाला मी पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून उंच वाटायचा, तसा नाही. माझ्या खांद्याएवढा असेल, मिशा पिकलेल्या, गळ्यात तोच टॉवेल. मीही त्याला नवीनच होते, त्यानं नजर खाली घातली. बूट तेच आहेत. कंपनीनं त्याला परत घेतलं आहे, पण आता खुलताबादची लाइन दिली आहे, चढाची. हे एक पार्सल त्यानं मागून घेतलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यानं हातानंच नको म्हटलं आणि खोका उंबऱ्यावर ठेवला. काचेच्या घुमटाचं घड्याळ, परत आलेलं. ठेवताना आत खळकन वाजलं. दोघांनी ऐकलं.

त्यानं फोन काढला.

“घेणाऱ्याचं नाव काय टाकू, भाभी?”

“यास्मिन.”

त्यानं सावकाश टाइप केलं. मग खोक्याकडे बघत पुढचं विचारलं.

“माल कसा मिळाला?”

“चांगल्या स्थितीत,” मी म्हटलं.

सही केली. तो गाडीला किक मारून गेला. मी खोका उचलला तर आत तुकडे एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकले, आणि दार लावायच्या आत मला रडू आलं. तिथंच उंबऱ्यावर बसले, खोका मांडीवर घेऊन. वरून याह्याभाई जिना उतरून खाली आले, एक पायरी सोडून बसले. मी बराच वेळ रडले. मग उठून चहा ठेवला, त्यांनाही दिला, आणि डब्यातून बिस्किटं काढली.